घरी मुंगीसुद्धा दिसते, मग डाव्या डोळ्याला 'रेफर' का?

एका आईचा प्रश्न आहे. साडेतीन वर्षांच्या मुलीची बालवाडीत डोळ्यांची आणि कानांची तपासणी झाली. कार्डावर दोन्ही कानांपुढे 'पास' आणि डाव्या डोळ्यापुढे 'रेफर', म्हणजे पुढच्या तपासणीसाठी डॉक्टरांकडे पाठवा, असं लिहून आलं. घरी तिला फरशीवरची मुंगीसुद्धा दिसते, शिवाय तपासणीच्या वेळी ती कंटाळली होती. तर लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायला हवं, की वर्षभर थांबून पुन्हा बघावं? धाकटा मुलगा सात महिन्यांचा आहे, जन्मल्यावर कानांच्या तपासणीत पास झाला होता. त्याचं आता काही बघायचं उरलंय का?

ताई, मुलीला न्या. वर्षभर थांबू नका, येत्या दोन-तीन आठवड्यांतली वेळ घ्या. मुलाबद्दलही दोन-तीन गोष्टी आठवून बघायला लागतील, त्या पुढे सांगते. मी गेली बरीच वर्षं लहान मुलांच्या डोळ्या-कानांची प्राथमिक तपासणी करते आहे. 'घरी तर सगळं दिसतं' हे वाक्य मी जवळजवळ रोज ऐकते आणि ते म्हणणारे आईवडील खरंच बोलत असतात. मुंगी तिला दिसतेच. प्रश्न एवढाच आहे की ती कुठल्या डोळ्याला दिसते.

घरात मूल कधीच एका डोळ्याने बघत नाही. एक डोळा चांगला असेल तर मुंगी दिसते, जिना उतरता येतो, चित्रात रेघेबाहेर न जाता रंग भरता येतो. दुसरा डोळा किती काम करतोय हे त्यातून कुणालाच कळत नाही, मुलालाही नाही. त्याने जग कधी वेगळं पाहिलेलंच नसतं, त्यामुळे 'मला अंधुक दिसतं' अशी तक्रार येण्याची वाट बघण्यात अर्थ नाही. कानाचंही तसंच. म्हणून आमच्या तपासणीत उपकरणं कुठलीही असोत, मूळ काम एकच: एक बाजू पूर्ण बंद करून दुसरीला एकटीला विचारायचं.

तुमच्या मुलीच्या बाबतीत सगळ्यात जास्त शक्यता दोन डोळ्यांच्या नंबरात फरक असण्याची आहे. समजा उजव्याला नंबर नाही आणि डाव्याला मोठा प्लस नंबर (दूरदृष्टीचा) किंवा सिलिंडर नंबर (डोळ्याच्या वाकड्या गोलाईचा) आहे. मग डाव्याकडून मेंदूकडे सतत धूसर चित्र जातं, उजव्याकडून स्वच्छ. मेंदू स्वच्छ चित्र घेतो आणि धूसर बाजूला टाकत जातो. काही वर्षांत त्या डोळ्यासाठी मेंदूत जी जोडणी व्हायला हवी ती नीट होतच नाही. पुढे अचूक नंबरचा चष्मा लावला तरी त्या डोळ्याने शेवटच्या ओळी वाचता येत नाहीत, कारण अडचण आता नुसत्या डोळ्यात राहिलेली नसते. यालाच आळशी डोळा म्हणतात. मला हे नाव आवडत नाही, कारण त्यात डोळ्याचा किंवा मुलाचा काही आळस नसतो. शंभर मुलांमागे साधारण २ ते ४ मुलांना हा त्रास असतो. नंबरातल्या फरकामुळे झालेला असेल तर बाहेरून काहीही दिसत नाही: डोळा सरळ असतो, लाल होत नाही, दुखत नाही. लहान वयात एका डोळ्याचं दिसणं अडलं तर मेंदूतली त्याची जागा दुसरा डोळा घेतो, हे डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी मांजरीच्या पिल्लांवरच्या प्रयोगांतून दाखवलं. दृष्टीवरच्या त्यांच्या कामाला १९८१ साली नोबेल मिळालं. मोठ्या मांजरांचा डोळा तेवढाच काळ झाकून ठेवला तर असं होत नाही. वयाचा हा हिशोब माणसाच्या मुलांनाही लागू आहे. उपचार सात-आठ वर्षांच्या आत सुरू झाले तर सगळ्यात चांगला फायदा होतो. त्यानंतरही काही मुलांत सुधारणा होते, पण कष्ट वाढतात आणि पदरात कमी पडतं. साडेतीन हे या कामाला फार चांगलं वय आहे, आणि म्हणूनच त्यातलं एक वर्ष वाट बघण्यात घालवू नका असं मी म्हणते.

आता तिच्या कंटाळ्याबद्दल. शंका रास्त आहे. आम्ही बहुतेक वेळा आधी उजवा डोळा तपासतो, मग डावा. दुसऱ्या डोळ्याची पाळी येईपर्यंत लहान मूल खरोखरच कंटाळतं. म्हणून दुसरा डोळा कमी वाटला की मी पुन्हा पहिल्या डोळ्याकडे येते आणि तीच बारीक चित्रं दाखवते. मूल तिथे पटापट सांगू लागलं तर तो कंटाळा नव्हता, दिसणंच कमी होतं. तुमच्या मुलीच्या वेळी असं केलं होतं का, हे तपासणी करणाऱ्यांना जरूर विचारा. पण उत्तर काहीही आलं तरी भेट रद्द करू नका.

याला कारण माझाच एक जुना अनुभव आहे. सुरुवातीच्या काळात चार वर्षांचा एक मुलगा माझ्यासमोर खुर्चीत बसला होता. डावा डोळा झाकला तेव्हा तो मजेत होता. घर, सफरचंद, गोल, चौकोन, हातातल्या कार्डावर बोट ठेवून भराभर जुळवत होता. मग पट्टी उजव्या डोळ्यावर गेली. त्याने आधी मान वळवली, मग गालावरून बोट सरकवत पट्टीची कड उचलली, मी ती परत चिकटवल्यावर खुर्चीवरून उतरला आणि सरळ तक्त्याकडे चालत गेला. दोनदा बसवलं, दोनदा उठला. मी कार्डावर 'सहकार्य नाही, सहा महिन्यांनी पुन्हा' असं लिहिलं. पुढच्या खेपेला कळलं की डाव्या डोळ्याला मोठा नंबर होता. पहिल्याच दिवशी त्याने मला जमेल तसं सांगितलं होतं: चांगला डोळा झाकल्यावर समोरचा तक्ताच त्याच्यापासून गेला होता, म्हणून तो तक्त्याकडे चालला होता. एक डोळा झाकताना शांत आणि दुसरा झाकताना बेचैन होणारं मूल मी तेव्हापासून 'असहकार' या रकान्यात टाकत नाही. बालवाडीच्या वयातल्या मुलांच्या अभ्यासांतही असंच दिसलं आहे की ज्यांची तपासणी पूर्ण होऊ शकली नाही त्यांच्यात डोळ्यांचे दोष निघण्याचं प्रमाण तपासणीत पास झालेल्यांच्या निदान दुप्पट होतं. म्हणून 'तपासणी होऊ शकली नाही' असा शेरा आला तरी तो 'रेफर'इतकाच गंभीरपणे घ्यायचा.

तपासणी नीट झाली की नाही हे तुम्हालाही थोडं ताडता येईल. या वयात अक्षरांचा तक्ता चालत नाही. चित्रं किंवा मोजकी अक्षरं असतात आणि मुलाने नाव न सांगता हातातल्या कार्डावर जुळवून दाखवायचं असतं, म्हणजे लाजाळू मूलही उत्तर देतं. अंतर बहुधा ३ मीटर असतं. डोळा हाताने झाकू देत नाहीत, कारण मुलं बोटांच्या फटीतून बघतात आणि यात लबाडी नसते, दिसेल तिकडून बघणं स्वाभाविकच आहे. चिकटपट्टी हवी, नाहीतर एक बाजू पूर्ण बंद केलेला चष्मा. तीन वर्षांच्या मुलाला प्रत्येक डोळ्याने ६/१५ ची ओळ (नीट दिसणाऱ्याला जी १५ मीटरवरून दिसते ती ६ मीटरवरून दिसणं, ३ मीटरच्या तक्त्यावर चित्रं त्याच प्रमाणात लहान असतात), चार वर्षांच्याला ६/१२ ची, पाच वर्षांच्याला ६/९.५ ची यायला हवी, असा सर्वसाधारण मापदंड आहे. दोन्ही डोळे या मर्यादेत असले तरी त्यांच्यात दोन ओळींचा फरक असेल तर पुढे पाठवायचं. बऱ्याच ठिकाणी आता कॅमेऱ्यासारखं यंत्र मुलासमोर धरतात आणि काही सेकंदांत आकडे येतात. लहान किंवा न बोलणाऱ्या मुलांसाठी ते खरंच उपयोगी आहे. पण ते यंत्र नंबराचा आणि डोळ्यांच्या सरळपणाचा अंदाज देतं. मुलाला प्रत्यक्ष किती दिसतं ते सांगत नाही. तक्ता जमणाऱ्या मुलाचा तक्ता चुकवू नये असं माझं मत आहे.

डॉक्टरांकडे गेल्यावर डोळ्यांत थेंब घालून नंबर काढतील. थेंब नकोत असं म्हणू नका. लहान मुलं डोळ्यातल्या भिंगावर जोर देऊन बराचसा प्लस नंबर लपवतात, तेही नकळत. थेंबांनी तो जोर थांबतो आणि खरा आकडा हाती येतो. नंतर बाहुली मोठी राहते, जवळचं धूसर दिसतं, उजेड टोचतो. काही थेंबांचा परिणाम एका दिवसात उतरतो, ॲट्रोपिनचा आठवडाभर किंवा त्याहूनही जास्त राहू शकतो. कुठले थेंब घातले ते विचारून बालवाडीत कळवा.

नंबर निघाला तर पहिला उपचार चष्मा, आणि पुष्कळदा तीन-चार महिने फक्त चष्माच. नुसत्या चष्म्यानेही मागे पडलेला डोळा बराच पुढे येतो. त्यानंतर फरक उरला तर चांगल्या डोळ्यावर पट्टी. पट्टीच्या नावाने आईवडिलांचा चेहरा उतरतो, कारण दिवसभर पट्टी बांधून बसलेलं मूल डोळ्यांपुढे येतं. मध्यम स्वरूपाच्या त्रासात रोज २ तासांची पट्टी ६ तासांच्या पट्टीइतकीच काम करते, हे २००३ सालच्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं. त्या वेळात चित्र रंगवणं, मणी ओवणं असं जवळचं काम द्यायचं. काही मुलांना पट्टीऐवजी चांगल्या डोळ्यात ॲट्रोपिनचे थेंब देतात. एक विनंती आहे: डॉक्टरांनी सांगण्याआधी घरी पट्टी सुरू करू नका. कुठला डोळा, किती वेळ आणि मुळात पट्टीची गरज आहे का, हे नंबर कळल्याशिवाय ठरत नाही.

काही खुणा मात्र दोन-तीन आठवड्यांची वेळ घेण्याच्याही नाहीत, त्यांच्यासाठी दोन-चार दिवसांतच जायचं. धाकट्यासाठी म्हणून सांगते. फ्लॅशने काढलेल्या फोटोत एक बाहुली लाल आणि दुसरी पांढरी किंवा पिवळसर येणं, तेही पुन्हा पुन्हा. बऱ्याचदा तो फोटोच्या कोनाचा खेळ असतो, पण जन्मजात मोतीबिंदू आणि दृष्टिपटलाचा कर्करोग हेही असेच कळतात, त्यामुळे अंदाज बांधत बसू नये. जन्मल्यावर बाळाच्या डोळ्यांत प्रकाश टाकून लाल चमक बघतात ती याचसाठी. एका डोळ्यात जन्मजात मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रिया साधारण ६ आठवड्यांच्या सुमारास व्हावी असा प्रयत्न असतो, इतकी घाई त्यात असते. तीन महिन्यांनंतरही बाळ चेहऱ्याकडे टक लावत नसेल, हलती वस्तू नजरेने धरत नसेल, बुबुळं सतत थरथरत असतील, तरीही लगेच जा. तिरळेपणाबद्दल एवढंच: पहिल्या दोन-तीन महिन्यांत डोळा अधूनमधून वळणं चालतं, चौथ्या महिन्यानंतर वळत असेल तर दाखवायचं. नाकाचा पूल रुंद असल्यामुळे नुसता तिरळेपणाचा भास होणारी बाळंही खूप असतात. समोरून काढलेल्या फोटोत प्रकाशाचा ठिपका दोन्ही बुबुळांवर एकाच जागी असेल तर बहुधा भासच असतो. बहुधा म्हणते, कारण मधूनच वळणारा डोळा फोटोच्या क्षणी सरळ असू शकतो.

आता त्याच्या कानांकडे येते.

जन्मानंतर बाळाच्या कानांची बहुधा होते ती ओएई नावाची तपासणी. कानात मऊ टोकाची छोटी नळी ठेवतात, तिच्यातून टकटक असा बारीक आवाज जातो आणि निरोगी अंतर्कर्ण त्याला उत्तर म्हणून स्वतःच एक अतिसूक्ष्म आवाज परत पाठवतो. नळीतला मायक्रोफोन तो टिपतो. कान आवाज घेतो तसा देतोही, हे डेव्हिड केम्प यांनी १९७८ साली दाखवलं. इतक्या वर्षांनंतरही झोपलेल्या बाळाच्या कानातून आलेला तो प्रतिसाद पडद्यावर उमटताना बघून मला बरं वाटतं. पण त्याचा अर्थ नेमका धरायला हवा. 'पास' म्हणजे त्या दिवशी अंतर्कर्णातल्या केसांसारख्या सूक्ष्म पेशी काम करत होत्या. तिथून मेंदूपर्यंतची नस त्यात तपासली जात नाही. ती एबीआर या दुसऱ्या तपासणीत कळते, ज्यात कपाळावर आणि कानामागे इलेक्ट्रोड लावतात. अगदी सौम्य बहिरेपणा ओएईतून निसटू शकतो. आणि बहिरेपणा नंतरही सुरू होऊ शकतो.

म्हणून आठवून बघा. बाळ पाच दिवसांहून जास्त नवजात अतिदक्षता विभागात होतं का? कावीळ इतकी वाढली होती का की रक्त बदलावं लागलं? जेंटामायसिनसारखी प्रतिजैविक औषधं पाच दिवसांपेक्षा जास्त चालली का? गर्भारपणात सीएमव्ही या विषाणूचा संसर्ग झाल्याचं कुणी सांगितलं होतं का? नंतर मेंदूज्वर झाला का? जवळच्या नात्यात कुणाला लहानपणापासून ऐकू येत नाही का? यातल्या एकाचंही उत्तर 'हो' असेल तर जन्मावेळच्या 'पास'वर थांबायचं नाही. श्रवणतज्ज्ञांकडे पूर्ण तपासणी साधारण ९ महिन्यांचा होण्याआधी व्हायला हवी, म्हणजे तुमच्या हातात दोन महिने आहेत. मेंदूज्वर किंवा सीएमव्ही असेल तर तेवढेही थांबू नका. अतिदक्षता विभागात राहिलेल्या बाळाची फक्त ओएई झाली असेल तर एबीआर करून घ्या, कारण नसेचा दोष अशा बाळांत जास्त आढळतो.

सगळी उत्तरं 'नाही' असतील तर घरी लक्ष ठेवणं पुरे, पण ते टाळ्या वाजवून किंवा भांडं आपटून नको. टाळी वाजवताना हात हलतो, वारा लागतो, सावली पडते आणि बाळ त्याने वळतं. त्याच्या बडबडीकडे लक्ष द्या. पहिल्या काही महिन्यांतले 'आऽ', 'ऊऽ' असे सूर ऐकू न येणारी बाळंही काढतात, त्यावर विसंबू नका. 'बाबाबा', 'दादादा' अशी व्यंजनांची माळ मात्र स्वतःचा आणि इतरांचा आवाज ऐकूनच तयार होते. ती १० महिन्यांपर्यंत आली नाही, किंवा येऊन थांबली, तर कान तपासायचे. जन्मतः कायमचा बहिरेपणा दर हजारी १ ते ३ बाळांना असतो. जगभर धरलेला हिशोब असा आहे: १ महिन्याच्या आत प्राथमिक तपासणी, ३ महिन्यांच्या आत निदान, ६ महिन्यांच्या आत श्रवणयंत्र आणि भाषेची मदत. सहा महिन्यांच्या आत निदान झालेल्या मुलांची भाषा उशिरा निदान झालेल्यांपेक्षा स्पष्टपणे पुढे असते, हे ख्रिस्टीन योशिनागा-इटानो यांच्या १९९८ सालच्या अभ्यासाने दाखवलं. मधला टप्पा, निदान, हाच बहुतेक घरांत रेंगाळतो. 'कानात ओलावा असेल, पुन्हा बघू' म्हणत दोन-दोन महिने जातात. पहिल्या दिवसांत बाळाच्या कानात चिकटा असतो आणि त्यामुळे तपासणी पास होत नाही, हे खरंच आहे. पण पुन्हा तपासण्याची तारीख ठरवल्याशिवाय कुणी घरी जाऊ नये.

मुलीचे कान पास झाले, ही चांगली बातमी आहे. तो निकाल त्या दिवसाचा आहे हे मात्र लक्षात असू द्या. या वयात सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साचणं फार सामान्य आहे, कारण घशाकडे जाणारी कानाची नळी लहान मुलांत आखूड आणि आडवी असते. दुखत नाही, ताप नाही, फक्त कानात बोटं घातल्यासारखं मंद ऐकू येतं, कधी जास्त कधी कमी. म्हणूनच लोक म्हणतात, 'हवं तेव्हा बरोबर ऐकते.' अशा वेळी स्वर पोहोचतात, पण 'स', 'श', 'फ' अशी क्षीण व्यंजनं गळतात: तुम्ही 'सात' म्हणता आणि तिला 'आत' ऐकू येतं. ती चुकीचं उत्तर देते आणि बाई म्हणतात की लक्ष नसतं. बहुतेक मुलांत हे पाणी तीन महिन्यांत आपोआप जातं. तीन महिन्यांनंतरही उरलं आणि ऐकणं कमी असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञ पडद्यात बारीक नळी बसवण्याचा विचार करतात.

एका कानाचा बहिरेपणा तर डोळ्यापेक्षाही बेमालूम लपतो. एक सोपी गोष्ट करून बघता येईल: फोनवर आजीशी बोलताना फोन तिच्या दुसऱ्या कानाला लावा. दरवेळी ती तो उचलून आपल्या ठरलेल्या कानाला नेत असेल, किंवा हाक मारल्यावर भलत्याच दिशेला शोधत असेल, तर दोन्ही कानांची वेगवेगळी तपासणी करून घ्या, मागच्या कार्डावर काहीही असो. साडेतीन वर्षांच्या मुलीला हेडफोन लावून ती नीट करता येते: आवाज आला की ठोकळा डब्यात टाकायचा. तपासणी शांत खोलीत व्हायला हवी. गजबजलेल्या वर्गात केलेल्या कानांच्या तपासणीवर माझा विश्वास नाही.

डॉक्टरांकडे जाण्याआधी दोन-तीन दिवस घरी खेळ म्हणून एवढं करा. कागदावर चार चित्रं काढा, तशीच चार तिच्या हातात द्या आणि दोन-तीन मीटरवरून जुळवायला सांगा, दोन्ही डोळे उघडे ठेवून. मग बाहुलीच्या एका डोळ्यावर चिकटपट्टी लावू द्या, म्हणजे तिथे पट्टी लागल्यावर ती बिथरणार नाही. सकाळची वेळ घ्या, झोपेच्या आसपासची नको. बालवाडीचं कार्ड सोबत न्या. घरात कुणाला लहानपणापासून जाड चष्मा किंवा तिरळेपणा असेल तर आधीच सांगा. निघताना दोन्ही डोळ्यांचे आकडे वेगवेगळे लिहून घ्या आणि पुढची तारीख त्याच कार्डावर टाकून घ्या.